दुधाच्या हवाली

हे पुस्तक एकाच प्राण्याबद्दल आहे. आणि त्यातही तो वितो कसा आणि पिल्लू वाढवतो कसा, हाच त्याचा मुख्य विषय आहे. प्राण्याचं नाव टॅमर वॉलबी. कांगारूच्या कुळातला, पण अंगाने लहान. मादी चार ते सहा किलोची, नर फार तर नऊ-दहा किलोचा. कांगारू कोणाला म्हणायचं आणि वॉलबी कोणाला, याची शास्त्रात पक्की रेघ नाही. थोराड ते कांगारू, लहानखुरे ते वॉलबी, एवढाच व्यवहार आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचं कांगारू बेट, पश्चिमेला पर्थजवळचं गार्डन बेट, त्याच्या उत्तरेला समुद्रात विखुरलेली अब्रोल्होसची बेटं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे काही तुकडे, ही आज त्याची घरं. दिवसा दाट झुडपांत दडून राहायचं आणि अंधार पडला की उघड्यावर चरायला यायचं, हा त्याचा शिरस्ता. त्या झुडपांपैकी एकाला तिकडे 'टॅमा' म्हणतात, त्यावरून हा टॅमर.

प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या सगळ्या कुळाच्या वाट्याला साधारण एक वाक्य येतं: शिशुधान प्राण्यांची पिल्लं अपूर्ण वाढ झालेल्या अवस्थेत जन्मतात आणि पोटावरच्या पिशवीत, म्हणजे शिशुधानीत, त्यांची वाढ पूर्ण होते. मीही हे वाक्य कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं. त्यातली माहिती चुकीची नाही. पण 'अपूर्ण' हा शब्द आता मला बोचतो. त्या शब्दाने एक निकाल आधीच देऊन टाकलेला असतो: गाय, माणूस, हत्ती हे पूर्ण, आणि कांगारू, वॉलबी म्हणजे सस्तन प्राण्याचा अर्धवट राहिलेला प्रयत्न. हे पुस्तक लिहायला बसलो ते या निकालाविरुद्ध. टॅमरच्या मादीने गर्भाशयातलं काम अर्धवट टाकलेलं नाही. तिने ते वारेकडून काढून दुधाच्या हवाली केलं आहे. आणि दुधाने ते काम इतक्या बारकाईने केलं आहे की गाईच्या दुधावर वाढलेल्या आपल्या समाजाने ते थोडं थांबून पाहावं.

आधी आकडे सांगतो, कारण त्यांच्याशिवाय गोष्टीची उंची कळत नाही. जन्मलेलं टॅमरचं पिल्लू सुमारे 400 मिलिग्रॅम वजनाचं असतं. राजम्याचा एक दाणा तळहातावर ठेवून पाहा. लांबीलाही तेवढंच, दीड-पावणेदोन सेंटिमीटर. आईच्या वजनाच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी. माणसाचं बाळ जन्मतं तेव्हा आईच्या वजनाच्या साधारण विसाव्या हिश्शाच्या आसपास असतं. राजम्याच्या त्या दाण्याला डोळे उघडलेले नाहीत, अंगावर केस नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते फुगवटे. फुप्फुसं इतकी साधी की सुरुवातीला काही प्राणवायू कातडीतून घ्यावा लागतो. मात्र पुढचे हात तयार आहेत, नखांसकट. तोंड तयार आहे. वास घेण्याची शक्ती तयार आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ज्याची गरज आहे, ते सगळं वेळेवर हजर आहे. याला अपूर्ण म्हणायचं, तर पूर्ण कशाला म्हणायचं?

पुस्तकातल्या शब्दांबद्दल इथेच सांगायला हवं. या विषयासाठी जड पारिभाषिक शब्द कोशात मिळतात, आणि काही ठिकाणी ते वापरल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण गोठ्यातल्या मराठीत यातलं बरंच काही आधीपासून आहे. गाय माजावर येते, गाभण राहते, विते, तिची वार पडते, चीक येतो, पान्हा फुटतो, वासरू सड धरतं, गाय आटते. दूधदुभत्याचं हे सगळं शब्दधन ज्यांच्या कानात आहे, त्यांना टॅमर समजायला फारसा वेळ लागणार नाही. म्हणून मी माज, गाभण, सड आणि वार हेच शब्द पुस्तकभर ठेवले आहेत.

टॅमर युरोपच्या लेखी नोंदींत आला तो एका जहाजफुटीमुळे. 1629च्या जून महिन्यात डच ईस्ट इंडिया कंपनीचं 'बटाव्हिया' नावाचं जहाज अब्रोल्होसच्या खडकांवर आदळलं. त्यावरचा मुख्य अधिकारी होता फ्रान्सिस्को पेल्सार्ट. हाच माणूस त्याआधी सुमारे सात वर्षं आग्र्याला कंपनीचा व्यापार पाहत होता. जहांगीरच्या काळातल्या हिंदुस्थानच्या व्यापाराचं आणि लोकांच्या राहणीचं त्याने लिहिलेलं वर्णन इतिहासाच्या अभ्यासकांना परिचयाचं आहे. आग्र्याचे बाजार न्याहाळणाऱ्या त्याच नजरेने त्याने त्या बेटांवरचे प्राणी पाहिले, मादीची पिशवी तपासली, आत सडाला घट्ट चिकटलेलं घेवड्याच्या दाण्याएवढं पिल्लू पाहिलं आणि निष्कर्ष काढला की हे पिल्लू सडातूनच उगवतं.

निष्कर्ष चुकला, पण निरीक्षण खरं होतं. पहिले सुमारे शंभर दिवस पिल्लू सड सोडतच नाही. तोंडात गेलेल्या सडाचं टोक आत फुगतं आणि पिल्लू त्याला कुलूप घातल्यासारखं अडकून बसतं. ओढून काढलं तर दोघांनाही इजा होईल इतकं. फळ देठाला असावं तसं दिसणारं हे पिल्लू पाहून कोणीही पेल्सार्टसारखंच म्हटलं असतं. त्याच्यानंतरही जवळजवळ तीन शतकं या प्रश्नावर वाद चालला: पिल्लू पिशवीत पोचतं कसं? आई ओठांनी उचलून ठेवते, असं मोठमोठे जाणकार मानत. ती तसं काही करत नाही. वेळ झाली की ती शेपूट दोन पायांमधून पुढे काढून बसते आणि स्वतःला चाटत राहते. पिल्लू बाहेर येतं आणि पोहणाऱ्याने एकामागून एक हात मारावेत तसं आईच्या केसांतून वर चढू लागतं. काही मिनिटांत ते पिशवीत शिरतं आणि चारांपैकी एक सड तोंडात घेतं. या चढाईत आईचा हात लागत नाही.

मादीच्या शरीराची आतली रचनाही पाहण्यासारखी आहे. तिला दोन स्वतंत्र गर्भाशयं असतात, आणि दोन योनिमार्ग, डावा आणि उजवा. नराचं बीज त्या बाजूच्या मार्गांनी वर जातं; पिल्लू मात्र मधोमध असलेल्या तिसऱ्या, आखूड वाटेने बाहेर येतं. ही गुंतागुंत कशासाठी? उत्तर मूत्रपिंडाच्या नळ्यांमध्ये आहे. आपल्यात आणि गाईम्हशींत गर्भावस्थेत या नळ्या जननमार्गांच्या बाहेरच्या बाजूने जातात, त्यामुळे दोन मार्ग मध्यभागी येऊन एक होऊ शकतात. शिशुधान प्राण्यांत त्या नळ्या दोन मार्गांच्या मधून जातात. मध्ये दोर आडवा असताना दोन भिंती जुळणार कशा? नळी एका बाजूने गेली की दुसऱ्या, एवढ्याशा फरकाने पुढची सगळी बांधणी बदलली. मोठ्या आकाराचं पिल्लू या अरुंद मधल्या वाटेने बाहेर येणं अवघडच होतं, हेही इथे लक्षात घ्यावं.

प्रत्यक्ष गर्भारपण सव्वीस-सत्तावीस दिवसांचं. त्यातला पहिला दोन तृतीयांश काळ गर्भाभोवती एक पातळ कवच असतं, अंड्याच्या वंशपरंपरेची खूण म्हणावी असं. तोवर गर्भाशयातून झिरपणाऱ्या रसावर गर्भ पोसला जातो. अठराव्या दिवसाच्या सुमारास कवच फुटतं आणि पीतककोशाच्या, म्हणजे गर्भाच्या बलकाच्या पिशवीच्या, साहाय्याने तो गर्भाशयाच्या अस्तराला लागतो. म्हणजे वार आहेच. 'शिशुधान प्राण्यांना वार नसते' हे विधान अजून काही पुस्तकांत दिसतं, ते काढून टाकायला हवं. तिचं काम मात्र जेमतेम आठवडाभराचं.

आता या प्राण्याच्या आयुष्यातली जी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते, तिच्याकडे येतो. कांगारू बेटावर बहुतेक पिल्लं जानेवारीच्या अखेरीस जन्मतात. पिल्लू पिशवीत शिरून तासभर होतो न होतो, तोच मादी पुन्हा माजावर येते. नर आसपास ताटकळत असतातच. ती पुन्हा गाभण राहते, या वेळी दुसऱ्या बाजूच्या गर्भाशयात, कारण दोन बीजकोश आळीपाळीने काम करतात. नवा गर्भ आठवडाभर वाढतो, ऐंशी ते शंभर पेशींचा पोकळ गोळा होतो, पाव मिलिमीटर व्यासाचा. आणि थांबतो. मरत नाही, वाढतही नाही. फेब्रुवारी जातो, पावसाळी थंडीचे जून-जुलै जातात, तिकडचा वसंत येतो, आणि हा गोळा आहे तिथेच, आहे तेवढाच. जवळजवळ अकरा महिने. पी. जे. बर्गर यांनी 1966मध्ये टॅमरमधला हा अकरा महिन्यांचा थांबा जगासमोर मांडला. या कुळातले गर्भ असे थांबतात हे त्याआधी जी. बी. शारमन यांच्या कामातून पुढे आलं होतं. त्यानंतर ह्यू टिंडल-बिस्को, मेरिलिन रेनफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा थांबा कोण घालतं आणि कोण उठवतं, याचा एकेक धागा उलगडला.

या थांब्याला दोन पहारेकरी आहेत आणि ते पाळीपाळीने उभे राहतात. पहिला पहारेकरी पिशवीतलं पिल्लू. ते सड चोखतं, ती संवेदना नसांवाटे मेंदूकडे जाते, मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं, आणि प्रोलॅक्टिन पीतपिंडाला, म्हणजे बीज सुटल्यावर बीजकोशात राहणाऱ्या गाठीला, दाबून ठेवतं. पीतपिंड गप्प, म्हणून गर्भाशय गप्प, म्हणून गर्भ गप्प. याची परीक्षा सोपी आहे: चोखल्या जाणाऱ्या सडाच्या नसा तोडल्या तर दूध पिणं चालू असूनही गर्भ जागा होतो. काही कारणाने पिल्लू दगावलं तरी तो जागा होतो, आणि सुमारे चार आठवड्यांनी रिकाम्या पिशवीत दुसरं पिल्लू येतं. पहिल्या पिल्लासाठी दुःख करायला तिच्याकडे भाषा आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. तिच्या शरीराने त्या दुःखाची तजवीज आधीच करून ठेवलेली असते, हे मात्र खरं.

21 जूनच्या सुमारास, तिकडचा सगळ्यात लहान दिवस उलटला की पहारा बदलतो. आता पिल्लू असो वा नसो, गर्भ उठत नाही. दुसरा पहारेकरी म्हणजे सूर्य. रात्रीच्या लांबीप्रमाणे शरीरात मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवतं, आणि त्याच्या हिशेबाने रोज पहाटे प्रोलॅक्टिनची एक लाट उठते. गर्भ निजलेला ठेवायला तेवढी पुरते. 22 डिसेंबरला तिकडचा सगळ्यात मोठा दिवस. त्यानंतर रात्री किंचित किंचित वाढू लागतात. पहाटेची ती लाट विरते, पीतपिंड सुटतं, आणि बेटभर शेकडो माद्यांच्या पोटातले ते पाव मिलिमीटरचे गोळे थोड्याच दिवसांच्या अंतराने वाढू लागतात. जानेवारीअखेर पिल्लं. जवळच्या नात्यातल्या बेनेट वॉलबी इंग्लंडमध्ये नेल्या, तर त्यांचं वेळापत्रक सहा महिन्यांनी सरकलं. दिनदर्शिकेशी त्यांचा संबंध नव्हता, रात्रीच्या लांबीशी होता.

हे एवढं वेळ साधणं कशासाठी, तर पिल्लू पिशवीबाहेर पडून चरायला लागेल तेव्हा गवत कोवळं असावं. जानेवारीत जन्मलेलं पिल्लू सप्टेंबर-ऑक्टोबरात पिशवी सोडतं, पावसाळी हिवाळा संपून रान हिरवंगार असतं तेव्हा. मादी पिल्लं तर आठ-नऊ महिन्यांची होताच, अजून आईचं दूध पूर्ण सुटलेलं नसताना, स्वतः गाभण राहू शकतात. त्यांचाही गर्भ डिसेंबरची वाट पाहत थांबतो.

असा थांबा सगळ्या वॉलबींत सारखाच नसतो. स्वॉम्प वॉलबीचं गर्भारपण तिच्या माजाच्या चक्राहून लांब असतं, त्यामुळे ती विण्याच्या एक-दोन दिवस आधीच पुन्हा गाभण राहते. सोनोग्राफीने 2020मध्ये हे सिद्ध झालं. एका गर्भाशयात जन्माला टेकलेलं पिल्लू आणि दुसऱ्यात नुकतं फळलेलं बीज. पुस्तकात तिच्यावर छोटं प्रकरण आहे. मोह फार झाला, पण टॅमर सोडून दूर जायचं नव्हतं.

दुधाचं प्रकरण सगळ्यात लांब झालं आहे, आणि ते मी मुद्दाम आखडलं नाही. गाईच्या बाबतीत चीक दोन-चार दिवसांचा, मग दूध जवळपास सारखंच. टॅमरचं दूध दहा-अकरा महिने बदलत राहतं. पिल्लू सडाला अडकलेलं असतं तेव्हा ते पातळ, शर्करा जास्त, चरबी कमी. दोनशे दिवसांच्या पुढे, पिल्लाचं डोकं पिशवीबाहेर दिसू लागतं तेव्हा ते घट्ट होतं. शर्करा उतरते, चरबी कित्येक पटींनी चढते, प्रथिनांचे प्रकारही बदलतात. आपल्याकडे वारेतून गर्भाला जे टप्प्याटप्प्याने मिळतं, ते इथे सडातून मिळतं. पिल्लाला स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. दुधातून आणि पिशवीतून येणारे जंतुनाशक पदार्थ त्याला सांभाळतात.

मग हा बदल ठरवतं कोण, पिल्लू की आई? संशोधकांनी साठ दिवसांच्या पिल्लांना अशा आयांच्या पिशवीत ठेवलं, ज्यांचं दूध चार महिन्यांपर्यंत पुढे गेलेलं होतं. दूध मागे आलं नाही. पिल्लंच भराभर वाढली. म्हणजे दुधाचं वेळापत्रक आईचं, आणि पिल्लाच्या वाढीचा लगामही बऱ्याच अंशी त्या दुधाच्या हातात. याहून नवलाची बाब अशी, की या कुळातली मादी एकाच वेळी दोन वेगळी दुधं देऊ शकते. पिशवीबाहेर हिंडणारं मोठं पिल्लू डोकं आत घालून आपल्या लांबट झालेल्या सडातून चरबीदार दूध पितं, आणि शेजारच्या सडाला नुकतं जन्मलेलं पिल्लू पातळ दूध घेत असतं. रक्त एक, संप्रेरकं एक, तरी दोन कासा आपापल्या पिल्लाचं वय ओळखून वेगवेगळं शिजवतात. आमच्या गोठ्यांतल्या एकाही गाईला हे जमलेलं नाही.

नर-मादी ठरण्याची रीतही इथे पुस्तकी नियमाला धक्का देते. आपण शिकलो ते असं: वृषण तयार होतात, त्यातून संप्रेरकं येतात आणि मग शरीर नराचं घडतं. टॅमरच्या पिल्लात जन्माच्या वेळी वृषणही नीट बनलेले नसतात, पण वृषणकोशाचा उंचवटा नराच्या अंगावर जन्माआधीच दिसतो. मादीच्या अंगावर सडांच्या खुणा दिसतात. पिशवी असणार की वृषणकोश, हे संप्रेरकांवर नाही, एक्स गुणसूत्रं किती आहेत त्यावर ठरतं. क्वचित जन्मणाऱ्या दोन एक्स आणि एक वाय असलेल्या प्राण्यांना वृषण असतात आणि पिशवीही असते. 1988मध्ये हे मांडलं गेलं तेव्हा सस्तन प्राण्यांविषयीचं एक ठाम विधान सैल करावं लागलं.

टॅमरच्या इतर अंगांबद्दल थोडक्यात. त्याच्या उड्यांत मागच्या पायांचे लांब स्नायुबंध स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवतात, त्यामुळे वेग वाढला तरी खर्च फारसा वाढत नाही. बॉडिनेट आणि बीवेनर यांनी 1998मध्ये दाखवलं की पिशवीतलं ओझं वाढलं तरी उड्या मारणाऱ्या मादीला जास्त प्राणवायू लागत नाही; आईला पिल्लाचा भार होत नाही हे वाक्य इथे शब्दशः खरं ठरतं. अब्रोल्होसच्या गोड्या पाण्याच्या दुष्काळात हा प्राणी समुद्राचं पाणी पिऊन राहू शकतो, हे किनियर, पुरोहित आणि मेन यांनी 1968मध्ये प्रयोगाने सिद्ध केलं. त्याची गुणसूत्रं फक्त सोळा. पूर्ण जनुकसंच 2011मध्ये प्रसिद्ध झाला.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर मात्र शेतीसाठी तोडलेली झुडपं आणि बाहेरून आणलेले कोल्हे-मांजरं यांनी टॅमर संपवला. सर जॉर्ज ग्रे हे आधी दक्षिण ऑस्ट्रेलियाचे आणि पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नर. त्यांनी 1870च्या सुमारास न्यूझीलंडजवळच्या आपल्या कवाऊ बेटावर काही टॅमर सोडले होते. तिथे ते इतके माजले की उपद्रव ठरले. मग जनुकांची तपासणी झाली आणि कळलं की हे नष्ट झालेल्या मुख्य भूमीवरचेच वंशज आहेत. एका देशात मारायची यादी, दुसऱ्या देशात हरवलेल्यांची यादी, आणि प्राणी एकच. 2003मध्ये त्यांतले 85 परत आणले गेले, आणि 2004पासून यॉर्क द्वीपकल्पावरच्या इन्स राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले.

पुस्तकाची प्रकरणं मी मादीच्या वर्षाच्या क्रमाने लावली आहेत, शरीरसंस्थांच्या क्रमाने नाही. पहिलं प्रकरण 22 डिसेंबरच्या संध्याकाळी उघडतं. सूर्य उशिरा मावळतो, झुडपाच्या कडेला एक मादी बाहेर येऊन बसली आहे. शेजारी वर्षाला टेकलेलं तिचं पिल्लू चरतं आहे, पिशवी रिकामी आहे, आणि पोटात फेब्रुवारीपासून थांबलेला शंभरेक पेशींचा तो गोळा आहे. उद्याची रात्र आजच्याहून काही सेकंदांनी मोठी असेल.